मिरजेतला एमआरआय, कोल्हापुरातलं ब्रेन मॅपिंग आणि दादाचा संशय

एमआरआय सेंटरला पाचपैकी चार स्टार. ब्रेन मॅपिंगला एक, तोही खुर्ची चांगली होती म्हणून.

दोन्हीकडची नावं लिहीत नाही. ही दादाची अट आहे. त्याने लिहायला परवानगी दिली ती तीन अटींवर: त्याचं नाव नको, गल्लीचं नाव नको आणि टाकायच्या आधी त्याला वाचून दाखवायचं. वाचून दाखवलंय. दोन ठिकाणी त्याने दुरुस्ती सांगितली, ती केलीय.

माझं इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. २७ वर्षं जळक्या मोटारी उघडतोय, त्यातल्या निम्म्याहून जास्त यंत्रमागाच्या. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, आता ५८. त्याने ३६ वर्षं जॉबरकी केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जॉबर म्हणजे मागाचा मिस्त्री. धोटा (आडवा धागा नेणारा भाग) उडाला, पट्टा तुटला, माग थांबला की हाक जॉबरला. मागच्या वर्षी मालकाने माग भंगारात काढले आणि दादा घरी बसला. त्यानंतरच्या दिवाळीत सुरू झालं.

आधी एवढंच होतं की वरच्या मजल्यावरचे लोक गच्चीत उभे राहून आपल्याबद्दल कुजबुजतात. मग म्हणे ते टाकीत काहीतरी टाकतात. दादाने टाकीला कुलूप घातलं, झाकणावर खडूची खूण करून ठेवायला लागला आणि रोज सकाळी खूण हलली का ते बघायचा. आम्ही सुरुवातीला मनावर घेतलं नाही. आमच्या गावात पाण्यावर संशय घेणाऱ्याला कोण वेडा म्हणेल? २०१२ ची काविळीची साथ इथल्या कुठल्याही घराला विचारा. पंचगंगेचं पाणी बघून माणसाला संशय आला नाही तरच नवल. पण एक दिवस त्याने वहिनींच्या हातचा चहा बेसिनमध्ये ओतला. नंतर स्वतः भात लावून एकटाच खायला लागला. वहिनी मला दुकानात येऊन म्हणाल्या, "भाऊजी, ३२ वर्षं जेवले माझ्या हातचं. आता ताट हुंगून बघतात." मग मात्र मी शटर ओढलं आणि सांगलीला मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमची वेळ घेतली.

मॅडमनी दादाशी पाऊण तास बोलून झाल्यावर चिठ्ठीवर लिहिलं: रक्तातलं थायरॉइड, बी-१२, सोडियम, साखर आणि मेंदूचा एमआरआय, प्लेन, म्हणजे डाईचं इंजेक्शन न देता. मी विचारलं, "त्यात संशय दिसतो का?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही. संशय दिसत नाही. हा आजार सहसा तरुणपणी सुरू होतो. ५८ व्या वर्षी पहिल्यांदा असं झालं की आधी बघायचं असतं, आत दुसरं काही आहे का. गाठ, छोटा झटका, मेंदूचा पुढचा भाग आक्रसणं. ते नाही एवढं कळलं की पुढचं माझ्यावर सोडा."

हे वाक्य मला लगेच पटलं. आमच्याकडे मोटर आली की पहिल्यांदा मेगर लावतो. वाइंडिंग बॉडीला लागलंय का, एवढंच मेगर सांगतो. नसेल लागलं तर मोटर चांगली असं नव्हे. लोड आल्यावर का थांबते ते मेगरला विचारून उपयोग नाही. पण मेगर न लावता जो लाइट जोडतो त्याचा हात भाजतो.

आता खरी अडचण. ज्या माणसाला वाटतं की लोक आपल्या मागावर आहेत, त्याला सांगायचं की चल, एका नळकांड्यात झोप, तुझ्या डोक्याचा फोटो काढू. पोटाची सोनोग्राफी आहे असं सांगून न्यावं असं मेहुण्यांचं मत होतं. मॅडमनी सक्त मना केलं. संशयी माणसाशी एकदा खोटं बोललात आणि ते उघडं पडलं की तुम्ही त्याच्या यादीत गेलात, मग गोळी कोण देणार? मी रात्री दादाजवळ बसलो आणि खरं ते सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पुण्यात त्या पोरीला असंच मशीन लावून आत टाकलं होतं. मनातलं वाचतात."

मी हसण्यावारी नेणार होतो, पण तो बोलत होता ते पेपरात आलेलं होतं. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयात खुनाच्या एका खटल्यात मेंदूच्या लहरींच्या चाचणीचा आधार घेतला गेला आणि एका तरुणीला शिक्षा झाली. डोक्याला वायरी लावून वाक्यं ऐकवायची, आणि मेंदूला ती 'आठवतात' का ते बघायचं, अशी ती चाचणी. जगभरच्या शास्त्रज्ञांनी नाकं मुरडली, पुढे तिला उच्च न्यायालयातून जामीनही मिळाला. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की माणसाच्या संमतीशिवाय अशा चाचण्या करता येणार नाहीत. एवढं मी दुसऱ्या दिवशी मोबाइलवर वाचून दादाला सांगितलं. त्याला त्यातलं एकच महत्त्वाचं वाटलं. "म्हणजे माझी सही लागते?" लागते म्हटलं. "मग मी सही वाचून करणार." कर म्हटलं.

सकाळी सातची वेळ होती. जयसिंगपूरवरून मिरजेला साडेसहालाच पोचलो. पार्किंग नाही म्हणाल तर चालेल, गाडी समोरच्या औषधाच्या दुकानापुढे लावली. साडेपाच हजार रुपये आधी भरायचे. काउंटरवरच्या पोराने चिठ्ठी वाचली आणि पूर्ण हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पॅरानॉइयाचं पेशंट कोण हाय?" म्हणजे संशयाच्या आजाराचं. पंधरा माणसं वळून बघायला लागली. घरात आम्ही महिनाभर दादाला समजावत होतो की लोक तुझ्याकडे बघत नाहीत! याचा अर्धा स्टार मी कापणार होतो, पण आतल्या टेक्निशियनने तो भरून काढला.

हा तिशीतला पोरगा. दादाला म्हणाला, "काका, आधी मशीन बघून घ्या, मग ठरवा." दारातून दाखवलं. मग फॉर्मवरचे प्रश्न एकेक वाचून विचारले: हृदयात पेसमेकर आहे का, अंगात कुठे प्लेट-स्क्रू आहेत का, डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता का. शेवटच्या प्रश्नावर दादा थांबला. जॉबर माणूस, ग्राइंडरपुढे आयुष्य गेलं, डोळ्यातून कीस काढून घ्यायला कितीदा तरी गेला असेल. पोराने लगेच डोळ्यांचा एक्स-रे काढायला लावला, ३०० रुपये वरचे. तुम्हाला वाटेल बिल वाढवलं. तसं नाही. बारीक कीस आत राहिला असेल तर तेवढ्या ताकदीच्या चुंबकात तो हलतो आणि डोळा जाऊ शकतो. जे कुणी लेथ, वेल्डिंग, ग्राइंडिंगचं काम करतात त्यांनी हा प्रश्न कुणी विचारला नाही तर आपणहून सांगावं. हे सेंटर चांगलं हे मला तिथेच कळलं.

एक्स-रे साफ निघाला. दादाने संमतीपत्र दोनदा वाचलं, सही केली आणि तारखेबरोबर वेळही घातली.

मशीनबद्दल थोडं लिहू द्या, माझ्या धंद्यातलं आहे. एमआरआय म्हणजे अखेर एक भलीमोठी कॉइल. दीड टेस्लाचं चुंबक, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट. तार तांब्याची एकटी नाही, नायोबियम आणि टायटेनियमच्या मिश्रधातूची, आणि ती द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली, उणे २६९ अंशांवर. तेवढ्या थंडीत त्या तारेला रोध उरत नाही. एकदा करंट सोडला की तो फिरतच राहतो. मी पोराला विचारलं, "लाइट गेली तर?" तो म्हणाला, "चुंबक चालूच असतंय काका. रात्रीबी, दिवाळीलाबी." रोध नाही म्हणजे तापणं नाही, तापणं नाही म्हणजे जळणं नाही. सगळ्या मोटारी अशा असत्या तर माझं दुकान कधीच बंद पडलं असतं.

चित्र कसं निघतं तेही त्याने सांगितलं. अंगातल्या पाण्यात हायड्रोजन, त्याचे प्रोटॉन चुंबकात एका रेषेत येतात. त्यांना रेडिओ लहरीचा एक धक्का द्यायचा, या मशीनला ६४ मेगाहर्ट्झचा, म्हणजे आपल्या एफएमच्या जरा खालचा. धक्का संपला की ते परत जागेवर येताना बारीक सिग्नल सोडतात. चरबीतले लवकर येतात, पाण्यातले उशिरा. त्यावरून काळं-पांढरं चित्र. क्ष-किरण नाहीत. हे सगळं दादाही ऐकत होता आणि माझ्यापेक्षा चांगले प्रश्न विचारत होता. यंत्राला तो कधी भ्यायला नाही, माणसांना भितो.

डोक्यावर पिंजऱ्यासारखी एक कॉइल बसवतात, कानात बोळे, हातात रबराचा फुगा. भीती वाटली तर तो दाबायचा. मला आत बसू दिलं, अर्थात किल्ल्या, मोबाइल, पट्टा, एटीएम कार्ड सगळं बाहेर काढून. मी देवाचं नाव घेत बसलो, की हा आता फुगा दाबणार. आणि मशीनने ठोकायला सुरुवात केली. खट खट खट खट. मुख्य चुंबकाच्या आत वेगळ्या कॉइली असतात, त्यांचा करंट भराभर चालू-बंद होतो, आणि एवढ्या चुंबकात तसा करंट सोडला की कॉइल धडका मारणारच.

दादा झोपला. खरोखर घोरला. बाहेर आल्यावर म्हणाला, "लै दिवसांनी बरं वाटलं. मधल्या एका आवाजात धोटा अडकत होता बघ." ३६ वर्षं ज्या आवाजात काढली तो त्याला वर्षभराने ऐकायला मिळाला होता.

पंचवीस मिनिटांत झालं. निघताना टेक्निशियनने मला बाजूला घेतलं. "काकांना ऐकायला कमी येतंय का? मी इंटरकॉमवर दोनदा विचारलं, मशीन बंद असताना. उत्तरच नाही दिलं. जागे होते, पायाचा अंगठा हलत होता." मी म्हटलं, नाही हो, व्यवस्थित ऐकतो. कारण आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात. मागाजवळ काम करणाऱ्यांच्या घरी सगळीकडे तसंच असतं. तो म्हणाला, "तरी एकदा कान तपासून घ्या." साडेपाच हजारांत मिळालेली सगळ्यात कामाची गोष्ट ही, आणि ती बिलात कुठेच नव्हती.

रिपोर्ट संध्याकाळी मिळाला. गाठ नाही, झटका नाही, पुढचा भाग शाबूत. 'पांढऱ्या भागात काही बारीक ठिपके, फझेकास ग्रेड एक' (म्हणजे सौम्य) असं होतं, त्यावर घरात रात्रभर कुणी झोपलं नाही. सकाळी मॅडम म्हणाल्या, या वयात, त्यातून बीपी असलं की हे पुष्कळांना असतं, त्याचा संशयाशी संबंध जोडू नका.

पण त्याआधी दादाने फिल्म खिडकीशी धरली, कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली आणि शांतपणे माझ्या हातात दिली. वय: ८५. "बघ. म्हटलं होतं ना. दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो दिलाय." साधी टायपिंगची चूक, ५८ चं उलटं झालं. दुसऱ्या घरात लोक हसले असते. आमच्या घरात महिनाभराचं समजावणं एका आकड्यात वाहून गेलं. एक स्टार गेला तो इथे. दुसऱ्या दिवशी परत मिरजेला जाऊन दुरुस्त करून आणलं. टेक्निशियनने दादाला समोर बसवून कॉम्प्युटरवर त्याच्याच चित्रांचे कापे एकेक सरकवून दाखवले, वेळ दाखवली, संमतीपत्रावर दादाने घातलेली वेळ शेजारी धरली. दोन्ही जुळल्या. वेळ घालायची त्याची सवय कामाला आली.

आता ब्रेन मॅपिंगचं. हे एमआरआयच्या आधी केलं होतं, एका पाहुण्याच्या सांगण्यावरून, कोल्हापुरात. चार हजार रुपये. डोक्याला टोपी, टोपीत १९ तारा, केसात जेल, पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं. मग कॉम्प्युटर रंगीत डोकं काढून देतो. आमच्या हातात जे आलं त्यात दोन्ही कानशिलांवर लाल भडक डाग. तिथल्या माणसाने काठीने डाग दाखवून सांगितलं, "हे संशयाचं केंद्र, जास्त तापलंय." वीस सिटिंग घ्या, प्रत्येकी हजार, डाग हिरवा होईल. वहिनी तर रडायलाच लागल्या, डाग इतका ठळक होता.

सांगलीच्या मॅडमनी तो कागद बघितला आणि दादाला एवढंच विचारलं, "तिथे बसला होता तेव्हा दात आवळले होते का?" दादा म्हणाला, आवळणारच की, अनोळखी माणसाने डोक्याला वायरी लावल्या तर. जबड्याच्या स्नायूचीसुद्धा वीज असते, ती कानशिलावरच्या तारांना मेंदूच्या लहरींपेक्षा जोरात लागते, आणि रंग लाल येतो. चार हजार रुपयांना आम्ही दादाच्या जबड्याचा फोटो आणला. या यंत्राचा फिट्स ओळखायला उपयोग होतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती 'संशयाचं केंद्र' म्हणण्यावर.

माझी मुलगी पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करते. मी तिला फोनवर विचारलं, मग संशय मेंदूत दिसतच नाही का? तिने तासभर घेतला माझा. जे डोक्यात राहिलं ते लिहितो, कारण पैसे घालवायच्या आधी हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

१९७६ साली लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलात ईव्ह जॉनस्टोन नावाच्या डॉक्टरीणबाईंनी जुन्या स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांचे सीटी स्कॅन काढले आणि दिसलं की मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या इतरांपेक्षा मोठ्या आहेत. ही सरासरी होती. एकट्या माणसाची पोकळी बघून निदान करता येत नव्हतं, आणि आजही येत नाही. मग १९९० मध्ये सेइजी ओगावांनी दाखवलं की प्राणवायू असलेलं आणि नसलेलं रक्त चुंबकात वेगळं वागतं. त्यातून चालू मेंदूची चित्रं निघायला लागली. मी म्हटलं, म्हणजे चालत्या मोटारीला टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) लावल्यासारखं. ती म्हणाली, तितकंही नाही बाबा. हे मशीन करंट मोजत नाही. करंट वापरल्यावर जे रक्त येतं ते मोजतं, तेही पाच-सहा सेकंद उशिरा. म्हटलं, मग हे लाइटबिल बघून मोटर ओळखण्यासारखं झालं.

तिने सांगितलेला एक प्रयोग मला फार आवडला. २०१८ साली छापून आला, एमिली फिन आणि अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या मंडळींचा. २२ धडधाकट माणसं घेतली, कुणी पेशंट नाही. प्रत्येकाचा स्वभाव किती संशयी ते आधी प्रश्न विचारून मोजलं. मग सगळ्यांना मशीनमध्ये झोपवून एकच गोष्ट ऐकवली, मुद्दाम अशी रचलेली की त्यातली माणसं कपटी आहेत की साधी ते कळू नये. जास्त संशयी माणसांच्या मेंदूचे दोन भाग, डाव्या कानशिलामागचं टोक आणि कपाळामागचा उजव्या बाजूचा आतला भाग, गोष्ट चालू असताना एका माणसाचे दुसऱ्याशी जास्त जुळत होते. म्हणजे गोष्ट एकच, पण संशयी माणसं ती आपल्या परीने, एकसारखी ऐकत होती. हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझ्यासारखे हायत की बाकीचे." मला वाटलं होतं त्याला वाईट वाटेल. उलट त्या रात्री तो दोन घास जास्त जेवला.

आणि मेलेला मासा. २००९ मध्ये अमेरिकेत क्रेग बेनेट आणि त्याच्या सोबत्यांनी बाजारातून मेलेला सामन मासा आणून मशीनमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि विचारलं, या माणसाच्या मनात काय चाललंय? मासा मेलेला. तरी हिशेब नीट न करता चित्र काढलं तर त्याच्या मेंदूत ठिपके पेटलेले दिसले. हजारो ठिकाणी मोजमाप केलं की कुठेतरी काटा हलणारच, हवेत धरलेला मीटरसुद्धा हलतो. त्यासाठी २०१२ मध्ये त्यांना गमतीचं नोबेल मिळालं. दादाने हे शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मासा मेला होता हे कुणी तपासलं?" तो विनोद करत होता की खरंच विचारत होता, मला अजून कळलेलं नाही.

कान तपासले. ऑडिओमेट्रीला ४०० रुपये लागले. आलेख एका जागी दरीत पडल्यासारखा खाली गेलेला, चार हजार हर्ट्झजवळ, दोन्ही कानांत. तपासणाऱ्या बाईंनी कागद बघूनच विचारलं, "मागावर होता का?" आवाजाने गेलेल्या कानाची खूण ती. असा माणूस बहिरा वाटत नाही. जाड आवाज ऐकतो, हाक ऐकतो. स, श, च, फ असे बारीक आवाज गळतात. कुजबुज तर अर्धीच पोचते. उरलेली अर्धी मेंदू आपल्या मनाने भरतो. वरच्या मजल्यावरची बाई गच्चीत आपल्या लेकीशी वाळवणाबद्दल बोलत असेल, दादाला त्यातलं 'टाकी' आणि 'तो' एवढंच ऐकू गेलं असेल.

मुलीने यावरही एक जुना प्रयोग शोधला. १९८१ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या पोरांना संमोहनाने थोडं बहिरं केलं, आणि आपण बहिरे झालोय हे त्यांना कळू दिलं नाही. ती पोरं शेजारी हसणाऱ्या माणसांवर संशय घ्यायला लागली. ज्यांना कारण माहीत होतं त्यांना तसं फारसं झालं नाही. मॅडमनी मान हलवली, पण सावधपणे. म्हणाल्या, ऐकू कमी येणारे हजारो लोक ताट हुंगत नाहीत. कान हे एक कारण, नोकरी गेली ते दुसरं, आणि मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन हे तिसरं. साध्या गोष्टीला उगाच 'यात काहीतरी आहे' असा शिक्का बसतो, तो त्याच्यामुळे. असं मांडणारे मानसोपचारतज्ज्ञ शितिज कपूर हे दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेले.

याच कपूरांचं दुसरं काम दादाच्या पोटात रोज रात्री जातं. टोरांटोत २००० साली त्यांनी आणि सोबत्यांनी पेट स्कॅन लावून मोजलं की हॅलोपेरिडॉल या जुन्या औषधाने मेंदूतले किती डोपामिनचे दरवाजे अडवले की पेशंटला बरं वाटतं. साधारण ६५ टक्क्यांच्या वर गुण येतो. ७८ च्या वर गेलं की अंग ताठ, हात थरथर. मधे एवढीशीच जागा. पूर्वी भरमसाट गोळ्या द्यायचे. असल्या चित्रांमुळे कळलं की थोडक्यात भागतं. आमच्या भाषेत ओव्हरलोड रिले (भार जास्त झाला की मोटर बंद करणारा) कुठे सेट करायचा ते कळलं. मॅडमनी दुसरी नवी गोळी दिलीय, पण हिशेब तोच: कमीपासून सुरू, अर्धी गोळी. त्या स्कॅनमध्ये कुठले कोण झोपले होते देव जाणे, दादाला त्यांचा फायदा झाला. दादाच्या स्वतःच्या चित्राने मात्र फक्त 'गाठ नाही' एवढंच सांगितलं. तेवढ्यासाठीही मी परत साडेपाच हजार भरेन.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: सकाळची पहिली वेळ मागा, गर्दी नसते. नातेवाईक आत बसू देतात का ते फोनवर विचारा, सगळीकडे देत नाहीत. डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल तर डाईचं इंजेक्शन घेऊ नका. काउंटरवर निदान मोठ्याने वाचू नका असं आधीच हळू आवाजात सांगून ठेवा. रिपोर्ट हातात आला की तिथेच नाव, वय, तारीख वाचा, दाराबाहेर पडायच्या आधी.

गोळी सुरू होऊन चार महिने झाले, कानाची मशीनं लावून तीन. एका कानाचं १६ हजारांना, दोन घेतली. पहिल्या दिवशी दादा म्हणाला, "पंखा आवाज करतोय, बेअरिंग गेलंय." करत होता खरंच, मी बदललं. वरच्या मजल्यावरची बाई लेकीला अभ्यासावरून ओरडते एवढं आता त्याला शब्द न शब्द ऐकू येतं, आणि त्याचा कंटाळा येऊन तो खिडकी लावून घेतो. वहिनींच्या हातचं जेवतो. ताट हुंगत नाही, पण पहिला घास घेण्याआधी जरा थांबतो. टाकीला कुलूप आहेच.

त्याने ५८ वाला रिपोर्ट ठेवलाय आणि ८५ वालाही. दोन्ही कपाटात, कुलपात. चावी पत्र्याच्या डब्यात तांदळाखाली आहे असं त्याने मला सांगितलं, आणि वहिनींना सांगू नको म्हणाला. रोज त्याच डब्यातले तांदूळ काढणाऱ्या वहिनींनी मला ते आधीच सांगितलं होतं.